मिठाचा भार

रबाळ्याच्या शेडमध्ये जनरेटर तपासायचा
तर त्याला खायला काहीतरी घालावं लागतं.
एवढे हीटर कुठून आणणार?
म्हणून निळं प्लास्टिकचं पिंप, अर्धं पाणी,
लाकडी दांडीला टांगलेले दोन पत्रे
आणि बाजूला खडेमिठाची गोणी.

मीठ मढवीकाका टाकतात.
आकडे मी लिहिते.

सेट ऐरोलीच्या एका प्रसूतिगृहाचा.
मागच्या महिन्यात ऐन वेळी धापा टाकून बसला.
साहेबांनी बजावलंय : वीस अँपिअर, अर्धा तास,
आणि कागदावर सही.

नुसतं पाणी. दोनशेतीस व्होल्ट, दोन अँपिअर.
भागून एकशेपंधरा ओहम.
गुणून चारशेसाठ वॅट.
"यवढ्यात एक मिक्सर फिरंल," काका म्हणतात,
"तो पन कुरकुरत."

एक मूठ.
सेट बंद, वेळूच्या काठीनं ढवळणं, सेट चालू.
पाच अँपिअर. शेहेचाळीस ओहम.
अकराशेपन्नास वॅट.
इंजिनाचा आवाज जरा जाड होतो.

"ते भागून येतं ते काय?"
रोध, मी सांगते. वाहणाऱ्याला होणारी अडवणूक.
तो आपल्याला दिसत नाही.
दाब माहीत असला, धारा माहीत असली
की दाबाला धारेनं भागायचं.
"म्हंजे नाय बोलनं."
तसंच.
"आनि कोन किती नाय बोलला
ते किती गेलं त्यावरनं कळतं."
पुस्तकात असं लिहिलेलं नाही,
पण मला चूकही काढता येईना.

मला ते मॅडम म्हणतात. लागून चार महिने झालेत मला.

दुसरी मूठ, वर चिमूट.
दहा अँपिअर, तेवीस ओहम, तेवीसशे वॅट.
चिमूट म्हटलं की चिमूटच पडते त्यांच्या हातून.
मिठागरातला हात.
"इथं नाय, ते तिकडं, रंगाच्या कंपनीच्या मागं,
खाडीच्या अंगाला" होते त्यांच्या बापाचे वाफे.
"बापानं पन केलेला हा तुमचा रोध. चार वर्सं.
मंग चुलत्यानं सही केली. मंग मामानं.
एकेक मूठ."
हसतात, आणि पुन्हा गोणीत हात घालतात.
माझ्या वहीत रकाने चारच.

वीस अँपिअर.
सेट पुढे वाकल्यासारखा गुरगुरतो.
मी घाईत जुन्याच दोनशेतीसला भागते,
साडेअकरा लिहिते,
मग मीटरकडे बघते. दोनशेवीस.
ओझं उचललं की दाब थोडा उतरतोच,
तो पुन्हा वाचायला हवा.
खोडते. अकरा ओहम. चव्वेचाळीसशे वॅट.

आता कोणी मीठ टाकत नाहीये,
तरी काटा एकविसाकडे सरकतोय.
पाणी तापलं की त्याचा विरोध आपोआप ढिला पडतो.
हे मी सांगणार, एवढ्यात काकांनी
दोरी ओढून एक पत्रा दोन बोटं वर घेतलाय,
काटा विसावर,
आणि ते तंबाखू मळतायत.

अर्धा तास.
एवढी शक्ती, आणि एक दिवासुद्धा लागला नाही.
सगळी त्या पिंपात.

सेट बंद. कान सुन्न.
काका वायर सोडवतात, हाताची मागची बाजू आधी लावून बघतात,
बादली भरून घेतात,
पँट गुडघ्यापर्यंत, स्टुलावर बसून
सुजलेले पाय आत.
डोळे मिटतात.

"किती झालं बिल, मॅडम?"
दोन पूर्णांक दोन युनिट.
वीस-बावीस रुपये धरा.
"डिझेल त्याच्याहून जास्त गेलं,"
ते डोळे न उघडता म्हणतात.

मी सही करते. तारीख, वेळ, चारही रकाने.
काका पाय पुसत नाहीत, तसेच वाळू देतात.
पोटऱ्यांवर, पाणी होतं तिथवर,
एक पांढरी रेघ
हळूहळू उमटत जाते.